पाठीतल्या पाण्यात व्हिटॅमिन डी मोजून घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे. वर्षभरात विसराळूपणा वाढला, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवर ताबा राहत नाही. न्यूरोलॉजिस्टनी पाठीतलं पाणी काढून बघू म्हटलं आहे. रक्तात व्हिटॅमिन डी १४ आलं. मुलाचं म्हणणं, पाणी काढणारच आहेत तर त्यातच डीसुद्धा मोजून घेऊ का? रक्तातलं डी मेंदूपर्यंत पोचतं की नाही, ते तरी कळेल. शिवाय एका लॅबने 'ॲक्टिव्ह डी', म्हणजे १,२५-डायहायड्रॉक्सी, ही महागडी तपासणीही सुचवली आहे. ती करावी का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नको' असंच आहे. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. प्रयोगशाळेत बसून रोज हे आकडे बघणाऱ्या माणसाला त्या पाण्यातल्या आकड्याचा भरवसा का वाटत नाही, ते नीट सांगतो.

आधी रक्तातलं. उन्हातल्या अतिनील-बी किरणांनी कातडीत डी-३ तयार होतं. ते यकृतात गेलं की तिथे मुख्यतः सीवायपी-२-आर-१ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी करतं. तुमच्या रिपोर्टवरचा १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हा याचा आकडा. रक्तात ते दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून शरीरातला साठा समजायला हेच मोजतात. पुढे मूत्रपिंडात सीवायपी-२७-बी-१ त्याचं १,२५-डायहायड्रॉक्सी करतं. खरं संप्रेरक (हार्मोन) हे, पण त्याचं प्रमाण रक्तात साधारण हजारपटीने कमी, पिकोग्रॅममध्ये (नॅनोग्रॅमच्या हजाराव्या भागात), आणि आयुष्य काही तासांचं. तिसरं म्हणजे २४,२५-डायहायड्रॉक्सी. नको असलेला माल निकालात काढण्याच्या वाटेवरचा हा टप्पा, आणि ते करणारं विकर सीवायपी-२४-ए-१. बाकीची नावं तुम्हाला लागणार नाहीत.

आता ज्या गोष्टीवर सगळं अडतं ती. ही सगळी रेणूमंडळी तेलकट स्वभावाची, पाण्यात मोकळी फिरत नाहीत. रक्तात २५-हायड्रॉक्सीचा ८५ टक्क्यांच्या आसपासचा भाग 'व्हिटॅमिन डी बाइंडिंग प्रोटीन' नावाच्या प्रथिनाला चिकटलेला असतो, उरलेला बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाला. मोकळा भाग साधारण ०.०३ टक्के. तुमच्या वडिलांच्या १४ नॅनोग्रॅममधले जेमतेम ४ पिकोग्रॅम मोकळे. बाकी सगळे प्रथिनांच्या पाठीवर बसून फिरतात.

पाठीतल्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, प्रथिनं किती असतात? रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, डेसिलिटरमागे सुमारे ७ ग्रॅम प्रथिन असतं. सीएसएफमध्ये १५ ते ४५ मिलिग्रॅम. अल्ब्युमिनचं बघितलं तर निरोगी माणसाच्या सीएसएफमध्ये ते रक्ताच्या ढोबळमानाने दोनशेव्या भागाइतकं असतं. डी वाहून नेणारं प्रथिन आकाराने अल्ब्युमिनपेक्षा थोडंच लहान, त्यामुळे तेही जवळपास त्याच हिशोबाने पलीकडे झिरपणार असं धरायला हरकत नाही. मोकळ्या डीचं प्रमाण दोन्ही बाजूंना सारखं झालं असं मानलं, तर एकूण डीचं प्रमाण दोन्हीकडच्या वाहक प्रथिनाच्या प्रमाणातच राहणार. म्हणजे १४ नॅनोग्रॅमचा दोनशेवा भाग, ७० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. हे प्रत्यक्ष मोजमाप नाही, माझं कागदावरचं गणित आहे, पण अंदाज बांधायला पुरतं.

या ७० वर जरा थांबू या, कारण बहुतेक घोळ इथेच होतात.

नेहमीच्या लॅबमधलं रक्ताचं मशीन ३-४ नॅनोग्रॅमच्या खालचं धड सांगू शकत नाही. आपल्याला हवंय ०.०७. त्यात ते मशीन रक्तद्रवासाठी बेतलेलं असतं. प्रथिनापासून डी सोडवायचं रसायन, मोजमापाची पट्टी, सगळं त्या दाट द्रवाच्या हिशोबाने. त्यात पाण्यासारखा सीएसएफ घातला तर मशीन तक्रार न करता एक आकडा छापून देईल, आणि त्या आकड्याचा डीशी काही संबंध असेलच असं नाही. कधी रक्ताच्या निम्मा-पाव इतका मोठा आकडा येतो आणि लोक खूश होतात की मेंदूत भरपूर डी पोचतं आहे. माझ्या टेबलावर असा रिपोर्ट आला तर मी आधी पद्धत विचारतो. लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखायची पद्धत, वापरलेली नसेल, आणि तीसुद्धा खास सीएसएफसाठी तपासून घेतलेली नसेल, तर पुढे वाचण्यात वेळ घालवत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताच्या थेंबाची. सुई मणक्यात जाताना एखादी बारीक शीर दुखावली की सॅम्पलमध्ये रक्त मिसळतं. एक मिलिलिटर सीएसएफमध्ये १० मायक्रोलिटर रक्त आलं असं धरा. त्यात रक्तद्रव साडेपाच मायक्रोलिटर, आणि त्यातलं डी ७७ पिकोग्रॅम. मूळ होतं ७०. म्हणजे आकडा दुप्पट झाला, तोही शंभरात एक भाग रक्ताने. असं सॅम्पल लालसर दिसतं, मायक्रोलिटरमागे ५०,००० लाल पेशी भरतात, त्यामुळे ते कोणी शहाणा माणूस संशोधनात घेणार नाही. ५०० पेशींच्या आत असेल तर ही भेसळ एका टक्क्यावर येते आणि चालून जाते. म्हणून सीएसएफमधल्या डीचा कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी लाल पेशींची मर्यादा शोधतो. ती दिलेलीच नसेल तर निष्कर्ष कितीही आकर्षक असो, बाजूला.

तिसरी नळीची. तेलकट रेणू प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतात. रक्तात प्रथिनं त्यांना धरून ठेवतात, सीएसएफमध्ये धरायला कोणी फारसं नसतं. अल्झायमरसाठी सीएसएफमधलं बीटा-अमायलॉइड हे प्रथिन मोजणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच आहे. पॉलिस्टायरीनच्या नळीत घेतलं तर तो खोटाच कमी येतो, म्हणून ते पॉलिप्रॉपिलीनचा आग्रह धरतात. डीच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी लागते. एका नळीतून दुसरीत, तिथून तिसरीत असं ओतत गेलं तर प्रत्येक वेळी थोडा माल भिंतीला लागणार.

मात्र यापेक्षा मोठी अडचण वयाची, आणि ती तुमच्या वडिलांना थेट लागू होते. रक्त आणि सीएसएफ यांच्यामधला अडथळा किती घट्ट आहे ते बघायला अल्ब्युमिनचं गुणोत्तर काढतात, सीएसएफमधलं भागिले रक्तातलं. जर्मनीतल्या राइबर यांनी वयानुसार त्याची वरची मर्यादा काढायचं सोपं सूत्र दिलं आहे: वयाला १५ ने भागा, त्यात ४ मिळवा, येईल तितके हजारांश. तीस वर्षांच्या माणसाला ६, बहात्तरीच्या माणसाला ८.८. म्हणजे काही आजार नसतानाही वय झालेल्या माणसाच्या सीएसएफमध्ये रक्तातली प्रथिनं दीडपट चालतात. वाहक प्रथिन दीडपट, तर त्यावर बसलेलं डीसुद्धा दीडपट. आता कोणी सत्तरीतले रुग्ण आणि चाळिशीतले निरोगी लोक शेजारी ठेवून 'रुग्णांच्या सीएसएफमध्ये डी जास्त' असं म्हटलं, तर त्याने मेंदूबद्दल काही सांगितलं की फक्त वय मोजलं?

आपल्याकडचं आणखी ठळक उदाहरण टीबीच्या मेंदूज्वराचं. त्यात सीएसएफमधलं प्रथिन १०० ते ५०० मिलिग्रॅमवर सहज जातं. असा रुग्ण बहुधा खंगलेला, रक्तात डी तळाला. तरी त्याच्या सीएसएफमध्ये डी मोजलं तर ते निरोगी माणसापेक्षा वर दिसू शकेल, कारण बांध फुटलेला आहे आणि रक्तद्रव आत झिरपतो आहे. त्याच्या मेंदूला डी 'भरपूर मिळतं' असं कोणी म्हणेल का?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सीएसएफमधलं २५-हायड्रॉक्सी हे बव्हंशी दोन गोष्टींचा गुणाकार असतं: रक्तात किती आहे, आणि अडथळा किती गळका आहे. दोन्ही गोष्टी तुम्हाला दुसऱ्या, स्वस्त तपासण्यांतून कळतात. या दोन्ही वजा केल्यावर जे उरतं त्यात संशोधकाला रस असू शकतो. ते काढायला अल्ब्युमिनचं गुणोत्तर त्याच दिवशीच्या रक्तासोबत मोजावं लागतं, आणि बऱ्याच शोधनिबंधांत नेमकं तेच केलेलं नसतं.

सीएसएफमध्ये डीची रूपं सापडल्याच्या नोंदी १९८४ पासूनच्या आहेत. बालाबानोवा आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी ती मोजून प्रसिद्ध केली. त्या काळी मास स्पेक्ट्रोमीटर अशा कामाला रोज वापरत नसत, त्यामुळे त्यातले आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये नॉर्वेतल्या होल्मोय यांच्या गटाने मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांत सीएसएफमधलं २५-हायड्रॉक्सी मोजलं, तेव्हा ते रक्तातल्या पातळीच्या मागेमागे चालताना दिसलं. वरच्या गणिताशी हे जुळतं.

मग डी मेंदूत पोचतं का? पोचतं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आयल्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूत डीचा रिसेप्टर (डी ज्याला चिकटून काम करतं ते पेशीतलं प्रथिन) आणि १,२५ बनवणारं विकर कुठे कुठे आहे याचा नकाशाच काढला. हायपोथॅलॅमस आणि सब्स्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या दोन भागांत, नायग्रातल्या मोठ्या पेशींमध्ये, ते ठळक दिसलं. पार्किन्सनमध्ये झिजतो तो हाच नायग्रा, त्यामुळे या शोधानंतर अनेकांच्या आशा वाढल्या. या नकाशाचा सीएसएफच्या दृष्टीने अर्थ असा की मेंदू कच्चा माल, म्हणजे २५-हायड्रॉक्सी, घेऊन स्वतःपुरतं संप्रेरक जागेवर बनवू शकतो. जे पेशीच्या आत तयार होतं आणि तिथेच खर्च होतं, ते कमरेच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात दिसावं अशी अपेक्षा कशी करायची? सीएसएफ म्हणजे गावाबाहेरून वाहणारा ओढा. त्याच्या पाण्यावरून कोणाच्या घरात काय शिजतंय ते कळत नाही.

आणि मेंदूच्या ऊतीतच मोजलं तर? तेही झालं आहे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या शे आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या एका दीर्घकालीन अभ्यासातल्या, मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्या २९० वृद्धांच्या मेंदूच्या चार भागांत डीची रूपं मोजली. ज्यांच्या मेंदूत २५-हायड्रॉक्सी डी-३ जास्त होतं, त्यांच्यात मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या तपासणीत डिमेन्शिया किंवा सौम्य स्मृतिदोष असण्याची शक्यता २५ ते ३३ टक्के कमी आढळली. वर्तमानपत्रांनी एवढंच छापलं. त्याच अभ्यासात, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या गाठी आणि गुंते यांच्याशी डीचा काही संबंध दिसला नाही, ते मात्र मागे पडलं. शिवाय ज्याला विस्मरण होतं तो घराबाहेर कमी पडतो, जेवण कमी होतं, ऊन मिळत नाही. डी कमी म्हणून स्मृती गेली की स्मृती गेली म्हणून डी कमी झालं, याचा निवाडा असल्या अभ्यासातून लागत नाही.

तो निवाडा गोळी देऊन बघितल्यावर लागतो. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत जवळपास २६ हजार माणसांना रोज २,००० युनिट डी किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली होती. त्यातल्या १८ हजारांवर लोकांत नैराश्य टळतं का ते पाहिलं, टळलं नाही. स्मृतीची घसरण मोजणाऱ्या उपअभ्यासातही एकंदरीत फरक पडला नाही. याला एक बाजू ठेवायला हवी: त्यातल्या बहुतेकांचं डी मुळात फारसं कमी नव्हतं, आणि भरलेल्या हंड्यात ओतून काय दिसणार. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चित्र थोडं वेगळं आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत आजाराच्या अगदी सुरुवातीला, दुसरं औषध नसताना, दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिल्यावर आजाराची हालचाल कमी झाली: ७४ टक्क्यांवरून ६० टक्के. पण आधीच औषध चालू असलेल्यांत २०२३ च्या अमेरिकी चाचणीत जादा डीने फायदा दिसला नव्हता. आणि या चाचण्यांचा निकाल लावायला कोणाला सीएसएफमधलं डी मोजावं लागलं नाही.

आता 'ॲक्टिव्ह डी'. नावामुळे लोकांना वाटतं की हीच खरी तपासणी. डीच्या कमतरतेत हा आकडा बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कधी कधी तर चढासुद्धा. कारण साठा घटला की कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड संप्रेरक वाढतं आणि ते मूत्रपिंडाला उरल्यासुरल्या मालातून १,२५ काढायला लावतं. म्हणजे साठा रिकामा होत आलेला आणि रिपोर्ट म्हणतो सगळं ठीक. या तपासणीचं काम वेगळं आहे. कॅल्शियम विनाकारण वाढलं असेल, सार्कॉइडोसिस (अवयवांत गाठी होण्याचा एक आजार) किंवा टीबीच्या गाठींचा संशय असेल, मूत्रपिंड बिघडलं असेल किंवा जन्मजात दोष शोधायचा असेल, तेव्हा ती करावी. सीएसएफमध्ये तर ती पूर्ण निरर्थक: रक्तात ४० पिकोग्रॅम असेल तर वरच्या हिशोबाने पलीकडे ०.२, आणि एवढं कमी बहुतेक मशीनना दिसतच नाही.

तुमच्या वडिलांकडे येतो. चालणं, लघवी आणि विसर हे तिन्ही एकत्र म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात मेंदूत पाणी साचण्याचा एक प्रकार असणार, ज्यात ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून त्याआधी आणि नंतर चालण्यात फरक पडतो का ते बघतात. ती तपासणी जरूर करून घ्या. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो ही आपल्याकडची भीती निराधार आहे. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, आणि शरीर दिवसाला अर्धा लिटर सीएसएफ नव्याने बनवतं, काढलेलं दोन-अडीच तासांत भरून निघतं. डोकं काही दिवस दुखू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, आणि आधी स्कॅन झालेला असू द्या. त्या पाण्यात पेशी, प्रथिन, साखर आणि डॉक्टर सांगतील ती अल्झायमरची चिन्हकं (आजार सुचवणारे घटक) एवढं पुरे. साखरेचं आणि अल्ब्युमिनचं रक्त त्याच वेळी घ्या.

रक्तातलं १४ मात्र सोडून देऊ नका. हाडांसाठी आणि स्नायूंच्या ताकदीसाठी ते कमीच आहे, आणि अडखळत चालणाऱ्या माणसाला तर दोन्हींची गरज जास्त. भरपूर ऊन असूनही मुंबई-पुण्यात असे आकडे रोज दिसतात. सावळी त्वचा, अंगभर कपडे, दिवसभर घरात किंवा ऑफिसात, आणि आहारात डी जवळपास नाही. नेहमीचा उपाय म्हणजे आठवड्यातून एक ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी, आठ आठवडे, तूप-दुधासारखं स्निग्ध काही पोटात असताना, आणि मग डॉक्टर सांगतील तो कमी डोस. सुरू करण्यापूर्वी कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघून घ्या. फिटच्या फेनिटॉइन किंवा कार्बामेझेपिनसारख्या गोळ्या चालू असतील तर सांगा, त्या डी लवकर संपवतात.

'एकदाच सहा लाखांचं इंजेक्शन घेऊन टाका' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिल्यावर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं होतं. हा निकाल २०१० मध्येच आलेला आहे, तरी सहा लाखांची इंजेक्शनं अजून दिली जातात. आणि आठवड्याची गोळी चुकून रोज जात नाही ना, यावर घरातल्या एकाने नजर ठेवायची. गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहून ठेवा. वाढलेलं कॅल्शियम म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतं, सुस्त करतं, बद्धकोष्ठ देतं, आणि घरच्यांना वाटतं विसराळूपणाच वाढला. पातळी पुन्हा बघायची ती तीन महिन्यांनी, त्याच लॅबमधून, आणि तेव्हाही फक्त २५-हायड्रॉक्सी.